औंढ्याचं देऊळ फिरलं तेव्हा

नांदेडहून उत्तरेला निघालेली गाडी अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्यावर आली, की बहुतेक वेळा थांबतेच. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला आणि पुढे वाशिम-अकोल्याला जातो, दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरकडे. कळमनुरी तालुक्यातला हा फाटा मराठवाड्याला खिचडीसाठी ठाऊक आहे. आषाढीनंतर नर्सीच्या परतवारीला निघालेले वारकरी आणि विदर्भाकडून नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याला निघालेलं एखादं शीख कुटुंब इथे शेजारशेजारच्या बाकांवर बसलेलं दिसलं, तर त्यात नवल नाही. दोघांची भाषा वेगळी, तीर्थ वेगळं, पोशाख वेगळा. पण एक गोष्ट दोघांनाही घरातूनच ठाऊक असते. देवळात भजन करणाऱ्या एका शिंप्याला जातीवरून हाकललं गेलं, तो देवळाच्या मागे जाऊन बसला, आणि देऊळ त्याच्याकडे वळलं.

मराठी परंपरेप्रमाणे ते देऊळ औंढा नागनाथचं. फाट्यापासून ते पश्चिमेला, याच हिंगोली जिल्ह्यात आहे. तो शिंपी म्हणजे नामदेव. कयाधूच्या काठचं त्यांचं नर्सी हे गावही याच जिल्ह्यातलं.

ही गोष्ट साधारणपणे चमत्कार म्हणून सांगितली जाते आणि ऐकणारा हात जोडून मोकळा होतो. पण तिच्या आधी द्वेषाची एक गोष्ट आहे. ती जोडून वाचली, म्हणजे औंढ्याच्या त्या दिवसाचा अर्थ पुरता उलगडतो. त्यासाठी तेराव्या शतकाच्या शेवटाकडे जावं लागतं.

देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. १२७१ मध्ये रामदेवराव गादीवर आला. त्याचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा मुख्य अधिकारी, हेमाद्री हा मोठा विद्वान. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात व्रतं, दानं, श्राद्धं, प्रायश्चित्तं यांचा अवाढव्य पसारा मांडलेला आहे. कोणत्या तिथीला काय करावं, कोणी करावं, चुकलं तर काय भरपाई द्यावी, याची तपशीलवार व्यवस्था त्यात आहे. ज्या काळ्या दगडाच्या देवळांना आपण आजही हेमाडपंती म्हणतो, ती याच्याच नावावर. दगड आणि शास्त्र, दोन्ही पक्की बांधली जात होती. ज्याची जागा आत, तो आत. ज्याची बाहेर, तो बाहेर.

या बांधणीत न बसणारी चार मुलं आळंदीत वाढत होती. त्यांचे वडील आपेगावचे विठ्ठलपंत. त्यांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून परत संसारात आले. संन्याशाला मुलं होणं म्हणजे घोर पातक. ब्रह्मवृंदानं कुटुंबाला वाळीत टाकलं. शेवटी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि विठ्ठलपंत व रुक्मिणीबाईंनी पाण्यात देह ठेवला. आई-बापांचा जीव घेऊनही धर्माचं समाधान झालं नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चौघांना पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगण्यात आलं. परंपरा त्यासाठी शके १२०९, म्हणजे इ.स. १२८७ हे साल देते. ज्ञानदेव तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे तीन वर्षांनी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिच्या शेवटी त्यांनी देवाकडे जे दान मागितलं, त्यात दुष्टांचा नाश नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच मागणं आहे. आई-बाप गमावलेल्या मुलानं हे मागितलं, हे आपण पसायदान म्हणताना विसरतो.

आळंदीत या मुलांचा सर्वांत कडवा वैरी विसोबा नावाचा एक व्यापारी होता. महिपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथानं आणि त्याआधीच्या लोकपरंपरेनं या माणसाची जी हकिगत जपली आहे, ती फार बारकाव्यानं वाचण्यासारखी आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई मांडे भाजायला मातीचं परळ आणायला कुंभारवाड्यात गेली. मांडा तव्यावर होत नाही, त्याला उपडं घातलेलं खापर लागतं, आणि पातळ पोळी त्याच्या उभारावर पसरून भाजावी लागते. विसोबानं कुंभारांना आधीच दम भरून ठेवला होता, की संन्याशाच्या पोरांना भांडं द्यायचं नाही. मुक्ता रिकाम्या हातानं रडत परत आली.

द्वेषाचं हे रूप ओळखीचं आहे. विसोबानं तलवार उगारली नाही, घर जाळलं नाही. एका लहान मुलीला खापर मिळू दिलं नाही, एवढंच. बहिष्कार असाच चालतो. दळण मिळत नाही, पाणी मिळत नाही, हजामत होत नाही, मडकं मिळत नाही. मारणारा हात कुठे दिसत नाही आणि माणूस मरत जातो.

पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. ज्ञानदेवांनी योगबळानं जठराग्नी पेटवला, पाठ तापून लाल झाली आणि मुक्तेनं त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा आडून पाहत होता. आपण बंद केलेला दरवाजा असा उघडलेला पाहून त्याच्या मनात काय झालं ते कथा सांगत नाही, त्यानं काय केलं ते सांगते. तो आत धावला आणि त्या मुलांच्या ताटातलं उष्टं उचलून खाऊ लागला. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा, त्यांचं उष्टं. मुलांनी त्याला शाप दिला नाही. पुढे हाच विसोबा खेचर या नावानं ओळखला जाऊ लागला. ‘षट्स्थळ’ नावाचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. आळंदी सोडून तो औंढ्याला येऊन राहिला, असं मराठवाड्यातली परंपरा मानते, बार्शीकडचे लोक त्याच्यावर आपला हक्क सांगतात.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधला, कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे १२७० च्या ऑक्टोबरचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरात शिवणकाम. विठ्ठलाचं आणि त्यांचं लहानपणापासूनचं इतकं लडिवाळ नातं, की देव नैवेद्याचं दूध पीत नाही म्हणून रडून त्याला दूध पाजणारा मुलगा, अशीच त्यांची पहिली ओळख आहे. अशा लाडक्या भक्ताला तेरढोकीच्या गोरोबा कुंभारांनी संतांच्या मेळ्यात सर्वांसमोर कच्चं मडकं ठरवलं. थापटणं घेऊन त्यांनी एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. परीक्षा तिथेच संपली. गुरू केल्याशिवाय हे भाजणार नाही, असा निर्णय झाला आणि नामदेव औंढ्याच्या वाटेला लागले.

देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय टेकवून झोपला होता. नामदेवांना राग आला. म्हाताऱ्यानं विनवलं की बाबा, मला उठवत नाही, तूच माझे पाय उचल आणि जिथे पिंड नसेल तिथे ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंड उमटली. तिसरीकडे ठेवले, तिथेही. देव एका गाभाऱ्यात सापडतो ही समजूत त्या दिवशी गेली. तो म्हातारा विसोबा खेचर होता. एका पोरीला मडकं मिळू नये म्हणून ज्यानं कुंभारवाडा बंद केला होता, त्याच्याच हाती गोरोबांचं कच्चं मडकं भाजायला आलं. द्वेष करणाऱ्याला कृपा कशी उत्तर देते, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मराठीत सापडणं कठीण आहे. तिनं विसोबाला भस्म केलं नाही, गुरू केलं. आणि गुरू केलं तेही एका शिंप्याचा.

आता तो दिवस.

महाशिवरात्र होती, असं मराठी कथा सांगते. ज्ञानदेव आणि नामदेव उत्तरेची तीर्थं करून परत येत होते, संत बरोबर होते. नामदेवांनी नागनाथाच्या दाराशी कीर्तन लावलं. माणसं जमली, वाट अडली, पूजेचं सामान घेऊन आलेल्या पुजाऱ्यांना आत जाता येईना. त्यांनी नामदेवांना दारातून उठून देवळाच्या मागे जायला सांगितलं. सौम्य कथनांत एवढंच आहे. कडक कथनांत त्यांना ढकललं, मारलं असं येतं.

कडक कथन कुठलं? ते नामदेवांच्याच नावावरचं आहे आणि ते मराठीत नाही. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांपैकी राग भैरव आणि राग मल्हार यांतल्या पदांत ही घटना येते. गावाचं नाव त्यांत नाही, औंढ्याचं नाव मराठी परंपरेनं जोडलं. पण घटना तीच. भैरवातल्या पदात आनंदात देवळात आलेला भक्त भजन करता करता धरला जातो, उठवून बाहेर काढला जातो. तो आपली घोंगडी उचलतो आणि मागच्या बाजूला जाऊन बसतो. शिंप्याच्या कुळात मला जन्म का दिलास, असं देवाला विचारतो. त्या घोंगडीपाशी वाचणारा थांबतो. मार खाल्लेला माणूस जाताना आपलं अंथरूण विसरत नाही, कारण तेवढंच त्याचं आहे. हा तपशील कल्पनेनं सुचणारा वाटत नाही, भोगलेला वाटतो.

मल्हारातलं पद त्याहून धीट आहे. तिथे नामदेव देवाशी सरळ वाद घालतात. मला विसरू नकोस, असं ते आळवतात. हे लोक माझ्यावर चिडले, शूद्र म्हणून मला मारलं. मेल्यानंतर तू मला मुक्ती दिलीस तर ती कोणाला दिसणार? आणि हे मला हीन म्हणतात, त्यात कमीपणा तुलाच येतो. वकिली पाहावी अशी. परलोकातल्या न्यायाच्या वायद्यावर नामदेव राजी नाहीत. त्यांना आत्ता, इथे, सगळ्यांच्या देखत उत्तर हवं आहे. पण काय मागितलं नाही तेही पाहावं. पुजाऱ्यांचे हात झडू देत, देऊळ कोसळू दे, असं एक अक्षर त्यात नाही.

म्हणून जे उत्तर आलं ते फार विलक्षण आहे. देऊळ फिरलं. कोणी मेलं नाही, कोणाची वाचा गेली नाही. पुजारी होते तिथेच, हातात आरती तशीच. फक्त त्यांच्या समोर आता देवाची पाठ होती, आणि मागे घोंगडीवर बसलेल्या माणसासमोर दार. ज्याला मागे ढकललं ती जागाच समोरची झाली. पंजाबात भाई गुरदासांनी आपल्या वारांमध्ये ही कथा घेतली, त्यांच्याकडे शेवटी चारही वर्ण नामदेवांच्या पायाशी येतात. १६०० च्या आसपास नाभादासांनी ‘भक्तमाल’ रचली, तीत नामदेवांच्या वर्णनात देऊळ उलटल्याचा उल्लेख आहे आणि ते पाहून संकोचलेल्या श्रोत्रियांचाही. संकोचले, एवढंच. ज्यांनी मारलं त्यांना लाज वाटली. अन्यायाला याहून मोठं उत्तर मागायचं तरी काय?

इतिहासकाराला इथे स्पष्ट बोलावं लागतं. या घटनेचा शिलालेख नाही. दगडाची इमारत जोत्यावर फिरल्याचा पुरावा कोणी देऊ शकत नाही, आणि हा लेखही तो दावा करत नाही. मात्र औंढ्याला जाणाऱ्याला एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. इथला नंदी नेहमीसारखा देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. देऊळ फिरलं, नंदी राहिला, असं गावकरी सांगतात. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि कोरीव, त्यावर हत्तींच्या रांगा. वरचा भाग नंतरचा, चुन्याचा. औरंगजेबाच्या काळात वरचं बांधकाम पाडलं गेलं आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असं सांगितलं जातं. मूळ पिंड जमिनीखाली आहे. तिथे उतरायला अरुंद वाट आहे, चांगला धिप्पाड माणूसही तिथे वाकतो, अंग चोरतो, जवळजवळ बसत बसत खाली जातो. वर कोणत्याही कुळातला असो, त्या वाटेवर सगळ्यांना सारखंच वाकावं लागतं.

देवानं तोंड फिरवल्याच्या कथा इतरत्रही आहेत. उडुपीच्या कृष्णमठात सोळाव्या शतकात धनगर समाजातल्या कनकदासांना प्रवेश मिळाला नाही. ते मागच्या बाजूला गात उभे राहिले, भिंतीला भगदाड पडलं आणि कृष्णाची मूर्ती पश्चिमेला वळली, असं कर्नाटकात मानतात. त्या जागेच्या खिडकीला आजही कनकदासांचं नाव आहे, आणि मोठमोठे लोक तिच्यातूनच दर्शन घेतात. तमिळनाडूत तिरुप्पुंगूरला नंदनार बाहेर उभे होते आणि मधे नंदी आडवा येत होता. शिवानं नंदीला बाजूला व्हायला सांगितलं, नंदी सरकला. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणा’त ही कथा लिहिली. पण तिथे पुढचं प्रकरण जड जातं. चिदंबरमच्या देवळात शिरण्याआधी नंदनारांना अग्नीतून जावं लागलं, शुद्ध होऊन, जानवं घातलेल्या रूपात बाहेर यावं लागलं. देव भक्तासाठी कळवळला खरा, पण दारावरचा नियम त्यानं मोडला नाही, भक्तालाच बदलून घेतलं. औंढ्याच्या कथेची थोरवी इथे कळते. नामदेवांना कोणी शुद्ध केलं नाही. शिंपी शिंपीच राहिला, घोंगडी घोंगडीच राहिली. बदललं ते देऊळ.

ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पक्क्या बांधलेल्या राज्याला तडा गेला. नामदेव त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं जगले. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांतून त्यांनी ज्ञानदेवांचं चरित्र गायलं, आणि मग ते उत्तरेला गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं दीर्घ वास्तव्य झालं, असं तिथली परंपरा मानते. एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली त्याच घुमानला भरलं, ते या नात्यामुळे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांची पदं त्यात आदरानं घेतली. पुढे गुरू गोविंदसिंह दक्षिणेत आले आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी, यापुढे ग्रंथच गुरू, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे काय झालं, ते नीट पाहावं. हिंगोलीच्या मुलखातल्या ज्या शिंप्याला देवळातून उठवलं, त्याची तक्रार पंजाबात जाऊन ग्रंथात बसली आणि चार शतकांनी त्याच्या गावापासून फार दूर नसलेल्या नांदेडला तो ग्रंथ गुरूच्या गादीवर विराजमान झाला. ज्या पदात त्याला शूद्र म्हणून मारल्याचं सांगितलं आहे, त्या पदापुढे आज राजे आणि मजूर सारखेच डोकं टेकवतात. देऊळ फिरल्याचा दगडी पुरावा शोधणाऱ्यांनी हा फेरा तरी पाहावा.

इथे थांबता आलं असतं, तर गोष्ट सोपी होती. पण नामदेवांच्याच अवतीभवती अशी माणसं होती, ज्यांच्यासाठी देऊळ इतक्या सहज फिरलं नाही.

जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. देव रात्री येऊन तिला दळू लागतो, पहाटे घाईत आपलं पदक तिच्याकडे विसरून तिची वाकळ पांघरून देवळात जातो. सकाळी पदकाची शोधाशोध झाली, ते जनीकडे सापडलं आणि चोर म्हणून तिला सुळावर द्यायला नेलं. सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते. मंगळवेढ्याच्या चोखोबांची कथा जवळपास तशीच आहे. देवानं गळ्यातला हार दिला, बडव्यांनी चोरी ठरवली, बैलांना बांधून फरफटवायची शिक्षा झाली. बैल जागचे हलले नाहीत, कारण पुढे विठ्ठल शिंगं धरून उभा होता. दोन्ही कथांत देव गुन्ह्यात सहभागी आहे. चोरी त्याच्यामुळे झाली, म्हणून सुटकेलाही तो येतो. दासीचा आणि महाराचा शब्द कोणी खरा मानणार नाही, हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्या तोंडून अशा कथा आल्या आहेत. त्यांना साक्षीदार म्हणून फक्त देवच उरला होता.

आणि एकदा तोही आला नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला धरलेले मजूर त्यात राबत होते, चोखोबा त्यांच्यात होते. भिंत कोसळली. परंपरा शके १२६०, म्हणजे १३३८ हे साल सांगते. ढिगाऱ्याखाली बरीच माणसं गेली, देवानं भिंत धरली नाही. नामदेव मंगळवेढ्याला गेले आणि त्यांनी ढिगाऱ्यातलं एकेक हाड कानाला लावून पाहिलं. ज्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची. ती उराशी धरून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. औंढ्याला नामदेव हाकलले गेले, तेव्हा देऊळ त्यांच्याकडे वळलं होतं. इथे नामदेवच वळले. कृपा या वेळी माणसाच्या हातांनी आली, उशिरा आली आणि हाडांपर्यंतच पोचली.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याला हे पुरलं नाही. त्याच्या नावावरचे अभंग वाचताना अंगावर काटा येतो. तो विठ्ठलाला विचारतो, आम्हांला हीन करून ठेवलंस, उष्ट्यावर वाढवलंस, याचं तुला काही वाटत नाही का? आईबापांच्या अभंगांत दिसणारी शरणागती त्याच्याकडे नाही. वारकरी परंपरेचा मोठेपणा हा, की तिनं हा प्रश्न गाळला नाही, बापाच्या अभंगांशेजारी मुलाचाही जपला. मराठवाड्यानं त्याचं उत्तर लवकर दिलं नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि याच संतांच्या भूमीत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. औंढ्याची कथा कीर्तनात सांगणाऱ्यानं ही तारीखही सांगावी, तरच ती कथा प्रामाणिक राहते.

नामदेवांनी १३५० मध्ये पंढरपूरला महाद्वारात समाधी घेतली. देवळात जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी पायरी होणं मागितलं. आज जिला नामदेव पायरी म्हणतात ती हीच, आणि तिच्या समोर चोखोबा. शिंपी दारात आणि महार दारासमोर, अशी ती जागा सहा शतकं राहिली. चोखोबांच्या समाजातल्या वारकऱ्यांनी तिथवरच यायचं, कळस पाहायचा आणि परतायचं.

साने गुरुजींना हे सहन झालं नाही. पंढरपूरचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना आवाहन केलं. भाषणं दिली, गावोगावची देवळं आणि विहिरी खुल्या करवल्या. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केलं. गावात विरोध कडवा होता. गांधीजींपर्यंत वेगळी हकिगत पोचली आणि त्यांनी उपोषण सोडायला सांगितलं. ज्यांना आयुष्यभर गुरू मानलं, त्यांचं ऐकायचं की नाही, हा पेच गुरुजींपुढे पडला. ते ठाम राहिले. बडव्यांना त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, त्यांच्या मनात देव जागा व्हावा म्हणून आपण उपाशी आहोत, ही त्यांची भूमिका होती. पसायदानातलं मागणंच त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मागितलं. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बोलणी झाली आणि १० मे रोजी देऊळ खुलं करण्याचं मान्य होऊन उपोषण सुटलं. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला.

नव्या भक्तांच्या स्पर्शाआधी मूर्तीतलं तेज मंत्रांनी घागरीत काढून घेतल्याचं काही सनातनी मंडळींनी मानलं, असं पंढरपुरात सांगतात. देव आपल्या ताब्यात आहे आणि तो हवा तेव्हा उचलून नेता येतो, असं औंढ्याच्या पुजाऱ्यांनाही वाटलं होतंच. चोखोबांच्या समाधीपाशी थांबून परतणाऱ्या घरांतली माणसं मात्र त्यानंतर नामदेव पायरी ओलांडून सभामंडपात गेली, तिथून गाभाऱ्यात, आणि विठ्ठलाच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.